सकाळी काढलेलं शेड्यूल दुपारी मोडतंय? अल्गोरिदम बदलण्याआधी हे तपासा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीनं एक्सेल बाजूला ठेवून शेड्यूलिंगसाठी सॉल्व्हर (अटी पाळून सर्वांत चांगला प्लॅन शोधणारा प्रोग्रॅम) लावला, की काही आठवड्यांत एक तक्रार हमखास येते. रात्री सॉल्व्हर चालतो, पहिल्या शिफ्टला प्लॅनचा कागद हातात पडतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भट्टीवर वेगळंच काम चाललेलं असतं. प्लॅनर पुन्हा सॉल्व्हर चालवतो. नव्या प्लॅनचं जुन्याशी काही नातंच उरलेलं नसतं. ज्या कामाचे कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे भाग) तयार होऊन रॅकवर बसलेत ते परवावर गेलेलं, आणि ज्याचा पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) अजून दुरुस्तीला आहे ते आज दुपारी तीनला लागलेलं. असं चार-पाच वेळा झालं की सुपरवायझर कागद बघायचंच सोडून देतात. त्यात त्यांची चूक नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो अल्गोरिदम बदलण्याचा. जेनेटिक अल्गोरिदम लावू, सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग लावू, नाहीतर महागडं सॉफ्टवेअर घेऊ. माझं ठाम मत असं की या तक्रारीत अल्गोरिदम क्वचितच दोषी असतो. सॉल्व्हरला सांगितलेली फाउंड्री आणि शेडमधली खरी फाउंड्री यांत फरक असतो, आणि प्लॅन नेमका त्या फरकाच्या जागी मोडतो. ती जागा शोधायची कशी, ते खाली लिहिलंय. उदाहरणं ओतकामाची आहेत, पण फोर्जिंग, रंगकाम किंवा रसायनांच्या बॅचलाही बरंच लागू पडेल.

आधी दोष कुठं आहे ते ठरवा

दोन आठवडे भट्टीजवळ एक वही ठेवा. रोज त्यात एकच नोंद हवी: प्लॅनपासून आज पहिल्यांदा कुठं फारकत झाली आणि का. पहिलीच फारकत लिहायची, कारण नंतरच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. सगळ्या लिहीत बसलात तर ‘उशीर’, ‘उशीर’, ‘उशीर’ एवढंच हाती लागेल. कारण भट्टीवरच्या माणसाच्या शब्दांत लिहा, कोड नंबर देऊ नका. ‘ग्रेड बदलायला वेळ लागला’, ‘मोल्ड ठेवायला जागा नव्हती’, ‘ओव्हन रिकामा नव्हता’ अशी वाक्यं जमली की निम्मं निदान झालं.

दुसरीकडे सॉल्व्हरच दोषी आहे का, ते पाहायला तोच प्रश्न एकदा दोन मिनिटं आणि एकदा अर्धा तास चालवा. अर्ध्या तासानंतरही उत्तर जेमतेमच सुधारत असेल, तर अल्गोरिदमनं त्याचं काम केलेलं आहे. इथं एक सावधगिरी हवी. ओआर-टूल्स या फुकट मिळणाऱ्या संचातला सीपी-सॅट हा सॉल्व्हर ‘फीजिबल’ म्हणतो, म्हणजे चालणारं उत्तर मिळालं पण तेच सर्वोत्तम हे सिद्ध नाही, आणि सोबत उत्तर व खालची मर्यादा (याहून चांगलं उत्तर येऊच शकत नाही असा आकडा) यांतलं अंतर दाखवतो. उशिराची बेरीज कमी करायची असेल तेव्हा ही खालची मर्यादा अनेकदा फार ढिली असते. म्हणून अंतर चाळीस टक्के दिसलं तरी प्लॅन चाळीस टक्के वाईट आहे असं होत नाही. हा आकडा मालकांना दाखवून घाबरवू नका.

सॉल्व्हर कमकुवत असतो, ही समजूतही सोडून द्यायला हवी. १९६३ मध्ये फिशर आणि थॉम्प्सन यांनी दहा कामं आणि दहा मशीनचं एक उदाहरण दिलं होतं. त्यातली सगळी कामं संपवायला कमीत कमी ९३० एकक वेळ लागतो, हे १९८९ मध्ये कार्लिए आणि पिन्सन यांनी सिद्ध करेपर्यंत पाव शतक गेलं. आज फुकट मिळणारा सीपी-सॅट साध्या लॅपटॉपवर ते काही सेकंदांत सोडवतो.

मॉडेल लिहिताना चूक झाली आहे का, हे तपासायला उत्तर आधीच माहीत असलेला छोटा प्रश्न द्या. दोन मशीनच्या ओळीसाठी एस. एम. जॉन्सन यांचा १९५४ चा नियम सर्वोत्तम उत्तर देतो. समजा, मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणं) आणि ओतणं यांचे तास असे आहेत: क ३ आणि ६, ख ५ आणि २, ग १ आणि २, घ ७ आणि ५, च ६ आणि ६. नियमानं क्रम येतो ग, क, च, घ, ख आणि सगळं २४ तासांत संपतं. सेटअप (एका कामावरून दुसऱ्यावर जाताना लागणारी तयारी) शून्य ठेवून तुमच्या मॉडेलनं २४ पेक्षा जास्त सांगितलं तर एखादी अट फाजील लागली आहे, कमी सांगितलं तर एखादी सुटली आहे. मिक्स्ड इंटिजर पद्धतीचं मॉडेल असेल तर ‘बिग-एम’, म्हणजे अट चालू-बंद करायला घातलेली मोठी संख्या, फार मोठा ठेवल्यानंही अट गळते. जिथं पूर्णांक हवा तिथं ०.००००१ आला तरी सॉल्व्हर तो शून्य मानून चालतो. बिग-एम दहा लाख मिनिटं ठेवलात तर त्याचा गुणाकार १० मिनिटं होतो, म्हणजे एकाच भट्टीवर दोन हीट (वितळवण्याच्या फेऱ्या) दहा मिनिटं एकमेकींवर चढलेल्या दिसतील आणि सॉल्व्हर तरी प्लॅन बरोबर म्हणेल. बिग-एम शेड्यूलच्या एकूण लांबीएवढाच ठेवा.

सेटअपची सरासरी: सर्वांत मोठा गुन्हेगार

वहीत ‘ग्रेड बदल’ वारंवार आला, आणि माझ्या अनुभवात तो येतोच, तर सेटअपचं टेबल उघडा. बहुतेक ठिकाणी तिथं एकच आकडा असतो: ग्रेड बदल, ३० मिनिटं. हा आकडा कुठल्याच दिवशी खरा नसतो.

एसजी, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड, याच्या ४५०/१० आणि ६००/३ या दोन ग्रेड घ्या. ४५०/१० ला फेराइट (लोखंडाची मऊ रचना) हवा, ६००/३ ला पर्लाइट (कठीण रचना), आणि पर्लाइटसाठी तांबं घालतात. ४५०/१० नंतर ६००/३ घ्यायचं असेल तर भट्टीत तांबं वाढवलं, सॅम्पल पाहिलं की काम पुढं जातं. उलट क्रम लावलात तर खाली राहिलेल्या धातूत तांबं आहेच, आणि ते काढायची सोय इंडक्शन भट्टीत नाही. मग भट्टी पूर्ण रिकामी करा, नाहीतर पातळ करायला जास्तीचा साधा चार्ज टाका. शिरोलीतल्या एका शेडमध्ये प्लॅनरनं विचारलं, “मामा, दोन्ही एसजीच हायत की, मग एवढा वेळ का?” भट्टीवरचे मामा म्हणाले, “तांबं घालता येतंय, काढता येत न्हाई.” टेबल कसं लिहायचं ते या एका वाक्यात आलं: अ ते ब आणि ब ते अ हे दोन वेगळे आकडे.

ग्रे आयर्नकडून एसजीकडं जाताना गंधक आडवं येतं. एफजी २६० सारख्या ग्रे आयर्नच्या ग्रेडमध्ये गंधक बऱ्यापैकी असतं आणि चालतं. एसजीच्या मूळ धातूत ते ०.०२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतं, नाहीतर लॅडलमध्ये (धातू ओतायच्या भांड्यात) घातलेलं मॅग्नेशियम गंधकाशीच संयोग पावून संपतं आणि ग्रॅफाइट गोल होत नाही. सिलिकाच्या लायनिंगमध्ये (भट्टीच्या आतल्या अस्तरात) गंधक खाली आणणं अवघड, म्हणून ग्रेनंतर एसजी म्हणजे भट्टी रिकामी आणि चार्ज वेगळा. एसजीनंतर ग्रे घेताना गंधक वाढवावं लागतं, आणि ते सोपं आहे.

म्हणून सॉल्व्हरला पूर्ण, एकतर्फी टेबल द्या. उदाहरणापुरते आकडे घेतले तर ४५० ते ६०० दहा मिनिटं, ६०० ते ४५० साठ, ४५० ते एफजी वीस, ६०० ते एफजी पंधरा, एफजी ते ४५० नव्वद, एफजी ते ६०० सत्तर. सरासरी धरली तर तिन्ही ग्रेड कुठल्याही क्रमानं सारख्याच. हे टेबल दिलं की ४५०, मग ६००, मग एफजी या क्रमात फक्त २५ मिनिटं जातात, आणि उलट क्रमात १३० मिनिटं. दुपारी मोडणाऱ्या प्लॅनमधला मोठा वाटा याच १०५ मिनिटांचा असतो.

टेबल भरल्यावर एक तपासणी करा. एखाद्या ग्रेडवरून दुसऱ्या ग्रेडवर सरळ जायला लागणारा वेळ, मधे तिसरी ग्रेड घालून जाण्यापेक्षा जास्त आहे का? वरच्या आकड्यांत तसं कुठं नाही: एफजी ते ६०० सत्तर, आणि एफजी ते ४५० ते ६०० शंभर, म्हणजे ठीक. एफजी ते ४५० नव्वद, आणि एफजी ते ६०० ते ४५० एकशे तीस, तेही ठीक. जिथं बेरीज कमी येते तिथं सॉल्व्हर मधे एक फुटकळ हीट घुसवतो, सेटअप वाचवल्याचं दाखवतो, आणि ती हीट बघून सुपरवायझरचा प्लॅनवरचा विश्वास उडतो. कधी असा फायदा खरा असतो, पण बहुतेकदा टेबलातला आकडा चुकलेला असतो.

आणखी एक बाब टेबलात मावत नाही: रिटर्न, म्हणजे पुन्हा वितळवायला परत येणारा धातू. ६००/३ चे रनर-रायझर (ओतल्यावर कास्टिंगला जोडून राहिलेला जादा धातू) ४५०/१० च्या चार्जमध्ये गेले तर तांबंही त्यांच्याबरोबर जातं. रिटर्नचे ढीग वेगळे ठेवले जात नसतील तर कुठलंच शेड्यूल टिकणार नाही. तो प्रश्न सॉल्व्हरच्या हातात नाही, यार्डात सोडवावा लागतो.

मोल्डला जागा आहे का

कागदावर मोल्डिंग आणि मेल्टिंग ही दोन वेगळी खाती, मधे हवं तेवढं थांबायला मोकळीक. शेडमध्ये बंद केलेले मोल्ड ठेवायला ठरावीकच जागा असते, आणि ती भरली की मोल्डिंगला हात आवरावा लागतो. ग्रीन सँडचा, म्हणजे ओलसर वाळूचा मोल्ड फार वेळ ठेवला तर वाळतो, कडा सुटतात, म्हणून जास्तीचे मोल्ड रात्रभर ठेवून द्यायचे हाही पर्याय नाही. दुसऱ्या बाजूला मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यावर एसजीचा धातू साधारण दहा मिनिटांच्या आत ओतावा लागतो, नाहीतर परिणाम विरतो. सीपी-सॅटमध्ये जागेसाठी ‘क्युम्युलेटिव्ह’ अट (एका वेळच्या वापराची बेरीज मर्यादेत ठेवणारी) आणि ट्रीटमेंट ते ओतणं यांच्यात जास्तीत जास्त अंतराची अट, एवढ्या दोन ओळी लागतात. त्या नसतील तर सॉल्व्हर असे प्लॅन देईल जे शेडमध्ये उभेच राहू शकत नाहीत.

ओव्हन: थांबायचं की पेटवायचं

स्ट्रेस रिलीव्हिंगचा, म्हणजे कास्टिंग तापवून त्यातला ताण घालवण्याचा ओव्हन म्हणजे खऱ्या अर्थानं बॅचचं मशीन. आत गेलेलं सगळं एकत्र तापतं, एकत्र निवतं, आणि बॅचचा वेळ सर्वांत जाड कास्टिंग ठरवतं. म्हणून आत काय कोणाबरोबर जातं याला फार महत्त्व आहे. समजा, सारख्या वजनाचे सहा लॉट, एका वेळी तीन मावतात, वेळ २, ३, ३, ५, ५, ६ तास. आले तसे भरले आणि २, ५, ३ एकत्र, ६, ३, ५ एकत्र गेले तर ११ तास. मोठे मोठे एकत्र घेतले, म्हणजे ६, ५, ५ आणि मग ३, ३, २, तर ९ तास. सगळे लॉट हजर असतील आणि आकार सारखे असतील तर हा नियम एकूण वेळेसाठी सर्वोत्तमच आहे. वजनं वेगवेगळी झाली की त्यात खोकी भरण्याचा प्रश्न शिरतो आणि गणित अवघड होतं. उझ्सॉय यांनी १९९४ मध्ये हा प्रश्न एनपी-हार्ड (आकार वाढला की झपाट्यानं अवघड होणाऱ्या जातीचा) असल्याचं दाखवलं. रोजच्या कामाला मोठ्यापासून भरत जाण्याची पद्धत पुष्कळ होते. मात्र वेगळ्या तापमानाचं काम एकत्र भरू नका. ५५० ते ६०० अंशांचं स्ट्रेस रिलीव्हिंग आणि ९०० अंशांच्या आसपासचं अ‍ॅनीलिंग यांची बॅच एक होऊच शकत नाही, आणि ही अट मॉडेलमध्ये लिहिलेली असलीच पाहिजे.

खरी भांडणं अर्ध्या भरलेल्या ओव्हनवर होतात. सॉल्व्हर म्हणतो दोन तास थांबा, फेटलिंगमधून (कास्टिंगच्या साफसफाईतून) अजून एक लॉट येतोय. ओव्हनवाला म्हणतो तो लॉट येईल तेव्हा येईल, आणि पेटवतो. बहुतेक वेळा ओव्हनवाल्याचं बरोबर असतं, कारण सॉल्व्हरला दिलेली फेटलिंगची वेळ आशेवर दिलेली असते. फेटलिंगच्या खऱ्या नोंदी काढा आणि दहापैकी आठ वेळा ज्याच्या आत लॉट आला ती वेळ द्या. थांबण्याचे निर्णय आपोआप कमी होतील आणि जे उरतील ते शेडमध्ये पटतील.

रोज सगळं उलटंपालटं होतं, त्याचं कारण

हे लक्षण वेगळं आहे. इथं प्लॅन चुकीचा नसतो, फक्त कालच्या प्लॅनपेक्षा वेगळा असतो. एका प्रश्नाला जवळपास तितकीच चांगली शेकडो उत्तरं असतात, आणि ठरावीक वेळेत अनेक थ्रेडवर शोध चालला की आज एक सापडतं, उद्या दुसरं. सॉल्व्हरला त्यांत फरक नाही. कोअर शॉपला फार मोठा फरक आहे.

तीन गोष्टी करा. पहिली, गोठवलेली खिडकी: पुढच्या ठरावीक तासांतली कामं हलणार नाहीत. ही खिडकी किती ठेवायची हे तुमचा कोअर बनवून वाळवायला लागणारा वेळ ठरवेल. एका शिफ्टचा असेल तर एक शिफ्ट, दोन दिवसांचा असेल तर दोन दिवस. दुसरी, खिडकीबाहेरचं काम कालच्या जागेवरून हललं तर दंड, आणि तो पुढच्या दिवसांसाठी कमी कमी होत जाणारा. तिसरी, कालचा प्लॅन ‘हिंट’ म्हणून द्या. नुसती हिंट पुरत नाही, सॉल्व्हर ती पाळायला बांधील नसतो, दंड लागतोच. वहीत ‘पॅटर्न नव्हता’, ‘कोअर नव्हते’ ही वाक्यं येत असतील तर तुमचा आजार बहुधा हाच.

ब्रेकडाउन झाल्यावर संपूर्ण प्लॅन नव्यानं काढायची सवयही मोडा. आधी कामं आहेत त्याच क्रमानं पुढं सरकवून पाहा. कुठलं डिस्पॅच चुकत नसेल तर सॉल्व्हरला हातच लावू नका.

उद्दिष्ट काय लिहिलंय

बऱ्याच मॉडेलमध्ये उद्दिष्ट असतं सगळं लवकरात लवकर संपवणं. पण फाउंड्रीतलं काम संपत नसतं, उद्या नव्या ऑर्डर येणारच असतात. जिथं डिस्पॅचची तारीख चुकली की पुण्याच्या ग्राहकाची लाइन थांबते, तिथं उशीर हेच उद्दिष्ट हवं. त्यात सेटअपची मिनिटं आणि विजेचे रुपये सरळ मिळवू नका. रुपयांचे आकडे मोठे, मिनिटांचे लहान. सॉल्व्हर चार ऑर्डर उशिरा करून वीज वाचवेल आणि त्याच्या हिशोबानं ते बरोबरच असेल. आधी फक्त उशीर कमी करा. आलेला आकडा थोड्या सवलतीसह अट म्हणून बांधा. मग सेटअप, मग वीज.

विजेबद्दल एवढंच: इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट जातात, म्हणून महावितरणच्या टाइम ऑफ डे दरानं खरंच फरक पडतो, आणि संध्याकाळचे तास महाग असतात. पण हे तास आणि दर आदेशागणिक बदलतात. ते कोडमध्ये ठोकू नका, वेगळ्या टेबलात ठेवा. दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर गेल्या तर केव्हीएची कमाल मागणी चढते, तीही ‘क्युम्युलेटिव्ह’ अटीनंच बांधता येते.

फट ठेवा, पण एकाच ठिकाणी

सॉल्व्हरला भट्टी शंभर टक्के भरलेली आवडते. रांगेच्या साध्या गणितात मशीन ८० टक्के भरलेलं असेल तर तिथं मशीनवरचं धरून सरासरी ४ कामं असतात, ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी रांग दुप्पट होते. म्हणून ज्या मशीनमुळं सगळं अडतं त्याच्यापुढं वेळेची फट ठेवा, बाकीकडं नको. आणि अडणारं मशीन कोणतं हे गृहीत धरू नका. सगळे भट्टी म्हणतात. शेडमध्ये फिरून पाहा, माल कुठं साचलाय ते. मला तरी तो फेटलिंगपुढं जास्त वेळा दिसला आहे.

कॅलेंडरही खरं हवं. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, गणपतीचे दिवस, या काळात हजेरी कमी असते हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त मॉडेलला नसतं. पंचगंगेचा पूर दर वर्षी एवढा चढत नाही, पण ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. जुलै-ऑगस्टमधली मोठी डिस्पॅच दोन दिवस आधी तयार ठेवण्याची अट लावणं त्यामुळं वावगं नाही.

अल्गोरिदम कधी बदलायचा

एवढं सगळं करूनही अर्ध्या तासाचं उत्तर दोन मिनिटांच्या उत्तरापेक्षा बरंच चांगलं येत असेल, तर प्रश्नाचा आकार खरंच मोठा झाला आहे. तेव्हाही जेनेटिकवर उडी मारण्याची गरज नाही. चालू प्लॅनमधला एक तुकडा, म्हणजे एखाद्या दिवसाची भट्टी किंवा एका ग्रेडची सगळी कामं, मोकळा सोडा, बाकी जागेवर बांधा आणि तेवढाच सोडवा. मग दुसरा तुकडा. सीपी-सॅट आतून अशी शोधपद्धत वापरतोच, पण कुठले तुकडे एकत्र सोडायचे हे तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत असतं: एकाच ग्रेडचे, एकाच ओव्हनचे, एकाच मोल्डिंग बॉक्सचे. तुकडा निवडण्याचं हे काम भट्टीवरच्या माणसाला सोबत बसवून करा, आणि जो तुकडा तो ‘हे हलवू नका’ म्हणेल तो गोठवलेल्या खिडकीत टाका.